उघड्या खिडक्या आणि एक माइक

हायब्रिड परिषद भरवायची तर आधी आवाजाची सोय पाहा, असं मी प्रत्येक नव्या संयोजकाला सांगते. पडद्यावरचं चित्र अडखळलं तरी श्रोते सांभाळून घेतात. स्लाइड दिसत असली की त्यांचं काम भागतं. आवाज तुटायला लागला की मात्र दूरवर बसलेला माणूस पाच-दहा मिनिटांत निघून जातो, आणि तो गेल्याचं सभागृहात कुणाला कळतही नाही.

2020 च्या मार्चमध्ये डेन्व्हरला अमेरिकन फिजिकल सोसायटीची मोठी सभा भरणार होती. दहा हजारांवर माणसं अपेक्षित होती. सुरू व्हायला दीड दिवस उरलेला असताना ती कोरोनामुळे रद्द झाली. पुढची दोन वर्षं आम्ही खगोलशास्त्रवालेही सगळं ऑनलाइनच करत होतो. ते त्या मानानं सोपं होतं, कारण सगळेच घरी आणि सगळ्यांच्या चौकटी सारख्या. खरी परीक्षा 2022 च्या मार्चमध्ये झाली. ओमिक्रॉनची लाट ओसरली होती, पण राज्यातले निर्बंध पूर्ण उठायला गुढीपाडवा, म्हणजे 2 एप्रिल उजाडायचा होता. नियमित आंतरराष्ट्रीय विमानंही 27 मार्चपर्यंत बंदच होती. आमच्या चार दिवसांच्या परिषदेत पुण्यात एक खुर्ची सोडून एक अशी बसलेली काही माणसं, बाकीची जगभर विखुरलेली, आणि सत्र दोघांचं एकच.

पहिला पेच खिडक्यांचा. विषाणूच्या भीतीनं त्या उघड्या हव्यात आणि आवाजासाठी बंद. आम्ही एसी बंद केला, दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि टेबलावर कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर ठेवला. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण 420 पीपीएम असतो. आतला आकडा चढत गेला, तर माणसांनी सोडलेली हवा खोलीत साठते आहे असं समजायचं. पण हवेबरोबर रिक्षांचे हॉर्न आले, कोकिळा आल्या. छताला टांगलेल्या माइकांनी हे सगळं इमानेइतबारे टिपलं असतं, म्हणून ते बंद ठेवले आणि वक्त्याच्या कॉलरला माइक लावला. त्यातून मास्क. त्यानं आवाजातला वरचा, धारदार भाग दबतो, ‘स’ आणि ‘श’ एकसारखे ऐकू येतात, ओठही दिसत नाहीत. सभागृहात बसलेला माणूस देहबोलीवरून अंदाज बांधतो. लॅपटॉपसमोरच्याला तेवढाही आधार नसतो.

दुसरं काम मिक्सरवरचं. झूमवरून बोलणाऱ्याचा आवाज सभागृहातल्या स्पीकरमधून येतो, तो तिथल्या माइकमध्ये शिरतो आणि थोड्या उशिरानं त्याच्याच कानावर आदळतो. स्वतःचाच आवाज असा मागून येत असताना सलग बोलणं फार कठीण जातं. म्हणून झूमला जाणाऱ्या तारेत सभागृहातलं सगळं जाईल, पण झूमवरून आलेलं काही परत जाणार नाही, अशी जोडणी करायची. ध्वनिवाले हिला मिक्स-मायनस म्हणतात. ती जमलेली असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि मिक्सरवरच्या माणसाचं खरं कसब तेच आहे. आमचा मिक्सर सांभाळणारे काका एरवी गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांना साउंड पुरवायचे. त्या चार दिवसांत परिषदेचा सगळ्यांत महत्त्वाचा माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं, तर मी त्यांच्याकडे बोट दाखवलं असतं.

वेळापत्रकाबद्दल थोडक्यात सांगते. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले की उन्हाळी वेळेनुसार बॉस्टनला सकाळचे नऊ आणि टोकियोत रात्रीचे दहा. महत्त्वाची व्याख्यानं याच अरुंद फटीत बसवायची. त्यात त्या वर्षी अमेरिकेची घड्याळं 13 मार्चला पुढे सरकली आणि युरोपची 27 ला. मधले दोन आठवडे वेळ पाठवताना प्रत्येक शहराचं नाव लिहावंच लागतं.

प्रश्नोत्तरांसाठी मी एक नियम धरून ठेवला: पहिला प्रश्न दूरच्यांचा. समोरच्या रांगेतले हात लगेच वर जातात. पलीकडच्याला आवाज उशिरा पोचतो, प्रश्न टाइप करायलाही वेळ लागतो. तोवर सत्राध्यक्षानं थांबायचं. आणि माइक हातात आल्याशिवाय कुणीच बोलायचं नाही, मग ते कितीही ज्येष्ठ सर असोत. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरच्या एका व्याख्यानानंतर मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजातल्या एम.एस्सी.च्या मुलीचा प्रश्न चॅटवर आला. ती मोबाइलवरून ऐकत होती. मोबाइल डेटा कमी लागावा म्हणून आम्ही स्लाइडच्या पीडीएफ आदल्या रात्रीच पाठवल्या होत्या. दिवसा आणि रात्री घेतलेल्या निरीक्षणांत माणसानं निर्माण केलेल्या रेडिओलहरींचा त्रास किती वेगळा असतो, असं तिनं विचारलं होतं. वक्ते खुलले, राखून ठेवलेली आकृती काढून बोलत राहिले, आणि मग सभागृहातूनही प्रश्नांची रांग लागली. पुण्यात चार दिवस राहण्याचा खर्च त्या मुलीला परवडला असता असं मला वाटत नाही.

चहाच्या वेळच्या गप्पा मात्र पडद्यापलीकडे गेल्या नाहीत. पोस्टरांपुरता उपाय सापडला: प्रत्येक पोस्टरशेजारी स्टँडवर एक फोन, इयरफोन, आणि दूरच्या माणसाला ठरवून दिलेली वेळ. वीस मिनिटं दोघंच बोलतात, आणि ती बोलणी चांगली होतात.

दूरच्यांना नीट जोडून घेण्याचं आणखी एक कारण आहे. युरोपीय खगोलशास्त्रज्ञांच्या 2019 मधल्या लियॉनच्या परिषदेसाठी झालेल्या प्रवासातून सुमारे 1,850 टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. 2020 ची ऑनलाइन परिषद एका टनाच्याही आत बसली. हा हिशेब माहीत असूनही आता पुष्कळ ठिकाणी सभागृहाच्या मागे एक कॅमेरा लावून पत्रिकेवर ‘हायब्रिड’ छापलं जातं. ते थेट प्रक्षेपण झालं. तिकडून प्रश्न इकडे यायची वाटच त्यात नसते. माझ्याकडे कुणी सल्ला मागायला आलं, तर मी आधी अंदाजपत्रक पाहते. भोजनाच्या रकान्याशेजारी ध्वनीसाठी दोन माणसं आणि तालमीचा एक पूर्ण दिवस लिहिलेला नसेल, तर तो लिहूनच पुढचं बोलते.