टेस्ट मेल

थर्ड इयरला मिनी प्रोजेक्ट म्हणून आम्ही मेसच्या हिशेबाची वेबसाइट करत होतो. बिल थकलं की घरी मेल जायला हवा. टेस्टिंगसाठी रेक्टर सरांकडून आणलेली खरी यादीच डेटाबेसमध्ये भरली, थकबाकी मनानेच ९,९९९ रुपये टाकली आणि रात्री दोनला बटण दाबलं. स्क्रीनवर 'सेंट' आलं. आम्ही खूश होऊन चहाला गेलो!

दुसऱ्या दिवशी दुपारी रूममेटचे वडील एस.टी.ने होस्टेलवर हजर. ॲडमिशन फॉर्मवर त्यांनी गावातल्या सेतू केंद्रवाल्याचा मेल दिला होता. त्याने तो वाचून दाखवला. काका उसने पैसे घेऊन आले होते. मी माफी मागितली तर म्हणाले, "असू दे रे. मला वाटलं, पोरगं उपाशी बसलंय."

गेलेला मेल परत बोलावता येत नाही. तेव्हापासून माझ्या लॅपटॉपवर मेलपिट असतं. वेबसाइटला मेल सर्व्हर म्हणून लोकलहोस्ट आणि पोर्ट १०२५ द्यायचा. मेल बाहेर न जाता तिथेच अडतो आणि ब्राउझरमध्ये पोर्ट ८०२५ वर वाचता येतो. पत्तेही खोटे घ्यायचे, पण मनाचे नाहीत. मनाने लिहिलेला पत्ता कुणाचा तरी निघतो! एक्झाम्पल डॉट कॉम हे डोमेन १९९९ पासून अशाच कामासाठी राखीव आहे.

तेव्हा मित्रांनो, बटण दाबण्याआधी मेल कुणाला चाललाय ते बघा. त्या पत्त्यावर कुणाचे तरी वडील असतात.