पाऊण सेकंदाचा नमस्कार

एका लॅपटॉपचा स्पीकर शिट्टी वाजवतो, दुसऱ्याचा माइक ऐकतो. मधे फक्त हवा. साठच्या दशकातला 'बेल १०३' मोडेम मी पायथनमध्ये उतरवलाय: शून्यासाठी १०७० हर्ट्झ, एकासाठी १२७०, सेकंदाला ३०० बिट.

चाचणीला 'नमस्कार' पाठवला. बाइटच्या मागचा-पुढचा एकेक बिट धरून रोमन लिपीत ८० बिट, साधारण पाव सेकंद. देवनागरीत २१०, जवळपास पाऊण! यूटीएफ-८मध्ये आपलं प्रत्येक चिन्ह, काना आणि हलन्तसुद्धा, तीन बाइट खातं. लिपी जड नाहीये, तिला दिलेले क्रमांक लांब आहेत. १९९१च्या इस्की मानकात एकेक बाइट पुरायचा.

फोनवर टाइप करताना हा फरक कधी जाणवत नाही. इथे तो कानांनी ऐकला. चाचणीचा संदेश मी देवनागरीतच ठेवलाय. वाजू दे अर्धा सेकंद जास्त.