‘पिझोला क्रॉसओव्हर लागत नाही’

ध्वनिसामग्रीच्या दुकानांत काही वाक्ये सुभाषितांच्या थाटात चालत आलेली असतात. ‘पिझोला क्रॉसओव्हर लागत नाही’ हे त्यांपैकी एक. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आम्ही ते ऐकले, भिवंडीत ऐकले, आणि ज्यांनी आयुष्यात एकही स्पीकर उघडून पाहिलेला नाही अशांच्या तोंडूनही ऐकले. आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. एकच विधान सर्वत्र त्याच शब्दांत कानी पडू लागले की त्याचा अर्थ तपासावा, ही आमच्या व्यवसायाची खोड. त्यात दिघाशीच्या घरासाठी स्पीकरची जोडी घरीच बांधायला घेतली होती, तेव्हा तपासणे प्राप्तच होते.

आधी वस्तूविषयी थोडे. काही स्फटिक दाबले असता त्यांवर विद्युतभार प्रकटतो, हे झाक आणि प्येर क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. मराठीत याला ‘दाबविद्युत’ असा नेटका शब्द आहे; दुकानात तो उच्चारण्याचे धाडस मात्र आम्ही केले नाही. (‘धारित्र’ मागून पाहिले होते. विक्रेत्याने अत्यंत आदराने ‘कंडेन्सर का?’ असे विचारले.) याच्या उलटही घडते: विद्युतदाब दिला की स्फटिक किंचित आकसतो, फुगतो. सिरॅमिकची अशी एक चकती कागदी शंकूला चिकटवायची आणि पुढे भोंगा बसवायचा, की झाला पिझो ट्वीटर. १९७०च्या दशकात मोटोरोला कंपनीने तो बाजारात रुळवला. यात लोहचुंबक नाही आणि जळून जाईल अशी तारेची नाजूक कॉइलही नाही. स्वस्ताई आहे ती यामुळेच.

नेहमीच्या ट्वीटरला ढोलक्याचा खर्ज सोसत नाही. कॉइल तापते, तुटते. म्हणून त्याच्या वाटेत कंडेन्सर घालून खर्ज अडवावा लागतो. पिझो स्वतःच कंडेन्सर आहे. आम्ही आणलेल्या नगाची धारिता मल्टीमीटरवर ०.१५ मायक्रोफॅरड भरली. हिशेब केला तर १००० हर्ट्‌झला त्याचा विरोध सुमारे १०६० ओहम, १०,००० हर्ट्‌झला १०६ ओहम आणि २०,००० हर्ट्‌झला जेमतेम ५३. खर्जाचा प्रवाह त्यातून जवळजवळ जातच नाही. म्हणजे दुकानातले सुभाषित ट्वीटर वाचवण्यापुरते खरे आहे. ऐकणाऱ्याविषयी ते काहीच बोलत नाही, आणि ॲम्प्लिफायरविषयीही नाही: कानाच्या पल्ल्याबाहेर, ४०,००० हर्ट्‌झच्या पुढे, हाच विरोध २६ ओहमच्या खाली घसरत जातो आणि काही ॲम्प्लिफायर अशा ओझ्याने बिथरतात.

ऐकणारा म्हणजे आमच्या घरी काका. तीस वर्षे त्यांनी भिवंडीत यंत्रमागावर काढली. धोट्याच्या ठोक्यांचा तो गोंगाट नव्वद डेसिबलच्या वर असतो, आणि अशा गोंगाटाने कानाची जी झीज होते ती प्रथम ४००० हर्ट्‌झच्या आसपास खळगा पाडते. आता योगायोग पाहा. स्वर त्या खळग्याच्या अलीकडे राहतात. ‘स’ची बहुतेक शक्ती त्याच्या पलीकडे आणि ‘श’ची सुरुवात अलीकडून. काकांना बोलणे ऐकू येते, शब्द कळत नाहीत. शिवाय अशा कानाचे आणखी एक दुःख असते: हलके ते ऐकू येत नाही आणि मोठे ते एकदम टोचते. भजनाच्या ध्वनिमुद्रणात टाळ सुरू झाला की काका आवाज कमी करायला सांगत. आवाज कमी केला की अभंगाचे शब्द जात, आणि मग काका ओसरीवर निघून जात. पिझो जिथे सर्वांत कर्कश वाजतो तो पट्टा नेमका हाच, तीन ते पाच हजारांचा.

तेव्हा क्रॉसओव्हर हवा होता तो ट्वीटरसाठी नव्हे, काकांसाठी.

सवयीने लोक पिझोच्या वाटेतही २.२ किंवा ४.७चा कंडेन्सर घालतात आणि काम झाले असे समजतात. काही होत नाही. कंडेन्सरपुढे कंडेन्सर ठेवला तर दोघे विद्युतदाब वाटून घेतात, आणि ही वाटणी सर्व वारंवारतांना सारखीच असते. २.२ आणि ०.१५ यांच्या वाटणीत पिझोला ९४ टक्के मिळतात, खाली तेवढेच, वर तेवढेच. गाळणी हवी असेल तर पिझोला समांतर रेझिस्टर लागतो. आम्ही ८ ओहमचा, १० वॉटचा, पांढऱ्या विटेसारखा दिसणारा रेझिस्टर लावला. आता ४.७च्या नॉन-पोलर कंडेन्सरला पुढे कंडेन्सर न दिसता ८ ओहम दिसतात आणि तो सुमारे ४२०० हर्ट्‌झच्या खाली खरोखर उतरू लागतो. वूफरच्या वाटेत ०.३ मिलिहेन्रीचे, तांब्याच्या तारेचे वेटोळे. पिझोच्या अगदी आधी ३० ओहमचा दुसरा रेझिस्टर. त्याने ॲम्प्लिफायरचे बिथरणे टळते, आणि त्याचा परिणाम ३५,००० हर्ट्‌झच्या आसपास सुरू होत असल्याने टाळाची लकाकी शाबूत राहते. तिथे १०० ओहम घातले असते तर ती दहा हजारांपासूनच मावळली असती.

तरीही टाळ पुढे पुढे करत होता; पिझो मुळातच वूफरपेक्षा मोठा वाजतो. इथे तो निरुपयोगी ठरवलेला कंडेन्सर कामी आला. गाळणी म्हणून तो कुचकामी खरा, पण वाटणी तर समान करतो! पिझोच्या मालिकेत ०.१५चाच कंडेन्सर जोडला की विद्युतदाब निम्मा होतो, म्हणजे सहा डेसिबलची उतार, वर-खाली सारखी, आणि उष्णतेचा एक थेंबही न सांडता. चार रुपयांच्या वस्तूकडून याहून अधिक शहाणपणाची अपेक्षा कोणी करू नये.

त्या संध्याकाळी काकांनी आवाज कमी करायला सांगितले नाही. पखवाज, पेटी, टाळ सगळे वाजत होते. एका अभंगाच्या मध्यावर ते म्हणाले, “हा बुवा शब्द खातो.” गेली काही वर्षे शब्द कोण खातो आहे याबद्दल त्यांचा आणि आमचा मतभेद होता, या वेळी दोष खरोखरच बुवांचा होता.

आता त्यांनी भजनी मंडळाच्या खोक्यांचा विषय काढला आहे. प्रत्येक खोक्यात चार पिझो सरळ समांतर जोडलेले, मिळून ०.६ मायक्रोफॅरड, २०,००० हर्ट्‌झला अवघा १३ ओहम विरोध. ॲम्प्लिफायर तापतो याचे मंडळाला नवल वाटते, आम्हांला नाही. दोन-दोनांची मालिका करून त्या दोन जोड्या समांतर केल्या तर धारिता पुन्हा ०.१५ होते आणि प्रत्येक पिझोला विद्युतदाब आपोआप निम्मा मिळतो. म्हणजे वेगळा कंडेन्सर नको, बाकी आराखडा तोच. रेझिस्टर मात्र मोठ्या वॉटचे लागतील, कारण मंडळाचा हात आवाजाच्या बटणावर जड आहे. येत्या रविवारी पहिले खोके उघडायचे ठरले आहे.