सुकतीचं गणित

माझं बालपण धाकट्या डहाणूच्या खाडीकाठी गेलं, तरी काठाबद्दलची माझी एक समजूत कित्येक वर्षं चुकीची होती. पाणी चढलं की धोका, उतरलं की सुटलो. स्थापत्य अभियंता झाल्यावरही मी उताराचं गणित त्याच धोरणाने मांडायचो. उधाणाची पातळी धरायची, मातीच्या उभ्या चकत्या पाडायच्या, प्रत्येकीला खाली ओढणारं बल आणि धरून ठेवणारं घर्षण काढायचं. भागाकार दीडच्या वर आला की सही.

मामा लहानपणी ओरडायचे, "सुकतीला काठाशी उभा राहू नको रे!" सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखलात पाय रुततो म्हणून सांगत असतील, असं मला वाटे.

मग मी आखलेला एक बांध बसला. पावसाळ्यात, पहाटेच्या ओहोटीला. सकाळी पोचलो तेव्हा माथ्यावर कोयत्याच्या पात्यासारखी वाकडी भेग होती आणि पायथ्याच्या चिखलातून पाणी अजून झिरपत होतं. खाडी केव्हाच उतरली होती, मातीतलं पाणी मात्र आतच होतं.

भिजलेल्या घनमीटरभर मातीचं वजन साधारण १९ किलोन्यूटन. भरतीला त्यातलं जवळजवळ १० पाणीच उचलून धरतं, म्हणून माती ओढते ९ ने आणि घर्षणालाही ९ च मिळतात. खाडी झपाट्याने उतरली की बाहेरचा आधार जातो. आता ओढतात पूर्ण १९, पण कणांमधला दाब तसाच असल्याने घर्षण ९ वरच अडकतं. सुरक्षितता निम्म्यावर येते. हे सगळं मी पुस्तकात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. तरी भरतीचं एकच चित्र धरून मी सही केली. चूक माझी होती.

३० जुलै २०१४ ला माळीण गावावर डोंगर कोसळला, दीडशेहून जास्त माणसं गेली. तिथे खाडी नव्हती, पाणी पावसाचं होतं. पण मातीच्या पोटातलं पाणी घर्षण खातं, हे तिथेही तेच. त्या बातम्या मी आता वेगळ्या वाचतो.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीला भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हापासून आडवा झटकाही धरतो, तोही पाण्यासकट पूर्ण वजनावर.

बांध पुन्हा बांधताना उतार सपाट केला, पायथ्याशी खडीचा थर आणि निचऱ्याच्या नळ्या दिल्या. गेल्या उधाणानंतरच्या सुकतीला मामांना घेऊन तिथे उभा राहिलो. नळीतून पाणी येत होतं. मामांनी ओंजळीत धरून पाहिलं. नितळ होतं, मातीचा कण नव्हता.