विंबल्डनचें टेनिस-संग्रहालय

लंडनास जाऊन टेनिसचें संग्रहालय पाहावें, असें आमच्या मनांत मुळींच नव्हतें. पुतणीच्या हट्टापुढें मात्र आमचें कांहीं चाललें नाहीं.

विंबल्डनच्या क्लबानें पहिले सामने १८७७ सालीं भरविले, तेही घोड्यानें ओढावयाच्या रुळाच्या दुरुस्तीस पैसा हवा होता म्हणून! त्यास शंभर वर्षें झालीं तेव्हां, १९७७ सालीं, हें संग्रहालय उघडण्यांत आलें. पुरुषांच्या चषकाच्या शिरावर चक्क अननस आहे. स्त्रियांना मिळतें तें चांदीचें ताट १८६४ सालीं घडविलेलें असून त्याच्या कडेवर मिनर्व्हा देवी व सात विद्या कोरल्या आहेत. खेळाच्या बक्षिसावर विद्येची देवता पाहून आम्हांस संतोष वाटला.

परंतु आमचे पाय खिळले ते जुन्या पोषाखांपाशीं. घोट्यापर्यंत घोळणारे झगे, त्यांखालीं कंबर आवळणारी ताठ चोळी! "काका, हें घालून त्या धांवत तरी कशा?" पुतणीनें विचारलें. पण त्या धांवल्या. १८८४ सालीं स्त्रियांचे सामने प्रथम झाले, तेव्हां तेरा जणींत मॉड वॉटसन हिनें अखेरीस आपल्या सख्ख्या बहिणीस हरविलें. १८८७ सालीं लॉटी डॉड अवघ्या पंधराव्या वर्षीं जिंकली. शाळकरी मुलगी म्हणून तिला आंखूड झग्याची मोकळीक होती. १९१९ सालीं सुझान लेंग्लेन हिनें ती ताठ चोळीच टाकून दिली, आणि लोकांची कुजबूज चालू असतांच ती विजयी झाली.

येथें आम्हांस आमच्या आत्याबाई आठवल्या. लगोरींत त्यांचा नेम चुकत नसे. पण बारावें सरलें आणि आजोबांनीं "आतां पुरे" एवढेंच म्हणून तो खेळ बंद केला. सर्वच घरीं असें घडलें नाहीं. वेदांचे पंडित शंकर पांडुरंग पंडित यांची कन्या क्षमाबाई राव संस्कृतांत काव्यें लिहीत व टेनिसही खेळत. त्यांची कन्या लीला हिनें १९३४ सालीं याच विंबल्डनला सामना जिंकला. तेथें जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री!

पुतणीनें निघतांना एक चेंडू विकत घेतला. आत्याबाई आतां त्र्याऐंशीच्या आहेत. त्यांनीं तो तळहातावर तोलला, पदर खोंचला आणि विचारलें, "समोरची ती कडी दिसते ना?"