अण्णा नगरमध्ये सापडलेली गळती

चेन्नईला जाणारा मराठी माणूस मरीना बीच पाहतो, मैलापूरच्या कपालीश्वराचं दर्शन घेतो, टी. नगरला साड्यांची खरेदी करतो आणि परतीची गाडी पकडतो. शहराच्या पश्चिमेला असलेल्या अण्णा नगरकडे त्याची पावलं सहसा वळत नाहीत. खरं तर नावापासूनच हा भाग आपल्याला जवळचा वाटावा. तमिळमध्येही ‘अण्णा’ म्हणजे थोरला भाऊच! इथले अण्णा म्हणजे तेव्हाच्या मद्रास राज्याचे मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई. १९६८ साली इथे मोठा आंतरराष्ट्रीय व्यापार व उद्योग मेळा भरला. त्याच्या आगेमागे नडुवक्करै नावाच्या खेड्याच्या परिसरात आखीव-रेखीव वसाहत उभी राहिली. सरळ रुंद रस्ते, त्यांना फर्स्ट अव्हेन्यू, सेकंड अव्हेन्यू अशी नावं, दुतर्फा झाडं आणि मधोमध मोठा चौक. या चौकाला इथले लोक ‘राउंडटाना’ म्हणतात.

या वस्तीचा शेजारही पाहण्यासारखा आहे. उत्तरेला १९५५ साली सुरू झालेला रेल्वेचे डबे बनवणारा कारखाना, इंटिग्रल कोच फॅक्टरी. पलीकडे पाडीला लुकास टीव्हीएस, ब्रेक्स इंडिया, व्हील्स इंडिया अशा गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपन्या. त्यापुढे अंबत्तूरची औद्योगिक वसाहत. चेन्नईला भारताचं डेट्रॉइट म्हणतात ते उगाच नाही. गाडीचं दुखणं निघावं तर ते अशाच ठिकाणी!

आमच्या गाडीचं दुखणं नेमकं तिथेच निघालं. नणंदेचं बिऱ्हाड अण्णा नगरात, म्हणून जानेवारीच्या अखेरीस आम्ही दोघं आणि दोन्ही मुलं पुण्याहून बंगळुरूमार्गे गाडीनेच निघालो होतो. सुमारे बाराशे किलोमीटरचा प्रवास छान झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गाडीखाली फरशीवर रुपयाएवढे तीन काळे डाग दिसले. चेन्नईत गाड्यांखाली ओल असतेच; पण ते एसीचं पाणी, स्वच्छ आणि पातळ. हे बोटाला चिकटणारं काळं ऑइल होतं. डिपस्टिक काढून पाहिली, तर पातळी खालच्या खुणेला टेकलेली.

आमची गाडी छोटी, डिझेलवर चालणारी, टर्बोची. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर फिरणारी चक्री. तिच्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेली चक्री इंजिनात जादा हवा ढकलते आणि लहान इंजिनही घाट सहज चढतं. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. तो थर तुटला की टर्बो जळायला वेळ लागत नाही. शिवाय टर्बोचा एक भाग निखाऱ्यासारखा तापतो. गळणारं ऑइल त्यावर पडलं तर धूर, आणि वेळ वाईट असेल तर आगही. मुलांना घेऊन परत बाराशे किलोमीटर जायचं होतं. दुर्लक्ष करणं शक्यच नव्हतं.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. त्यांनी हवेचा रबरी पाइप काढला, आत ऑइलचा ओशटपणा दिसला आणि दहा मिनिटांत निकाल दिला, “टर्बो गेला. नवा टाका.” खर्चाचा आकडा ऐकून ह्यांचा चेहरा उतरला. तेव्हा नणंदेचा मुलगा म्हणाला, “मामा, आमच्या मागच्या गल्लीतल्या अण्णांना एकदा विचारू या ना!”

हे अण्णा म्हणजे पन्नाशी ओलांडलेले मेकॅनिक. अंबत्तूरच्या कारखान्यात उमेदवारी केलेले. पत्र्याची शेड, कपाळावर विभूती आणि बोलणं मोजकं. भाचा तमिळमधून मराठीत सांगायचा आणि आम्ही ऐकायचो.

डाग इथे, मूळ तिथे

अण्णांनी आधी पाना नव्हे, टॉर्च उचलली. गाडीच्या धुराचा रंग पाहिला. तो निळा नव्हता. इंजिन गार झाल्यावर टर्बोची चक्री बोटांनी हलवून पाहिली. दांड्याला बाजूला किंचित हालचाल असतेच. पण मागेपुढे तो अजिबात हलत नव्हता आणि चक्री कुठे घासतही नव्हती. पाइपमधला ओशटपणा म्हणाल, तर इंजिनाच्या आतली ऑइलची वाफ त्याच वाटेने जात असल्यामुळे थोडा तेलकटपणा चांगल्या गाडीतही सापडतो. ऑइलचं थारोळं साचलं असतं तर गोष्ट वेगळी.

“थेंब पडतो ती जागा गळतीची नसते, अम्मा,” ते म्हणाले. ऑइल वरून खाली ओघळतं आणि गाडी धावताना वारा त्याला मागे नेतो. त्यामुळे गळतं एकीकडे आणि टपकतं दुसरीकडे. यावर त्यांचा उपाय साधा होता. आधी सगळं स्वच्छ करायचं, मग बघायचं.

विजेच्या जोडण्या प्लॅस्टिकने झाकून त्यांनी ब्रशने इंजिनाची ती बाजू धुतली आणि हवेने कोरडी केली. मग चक्क नणंदेच्या घरातली टाल्कम पावडर मागवून त्या भागावर भुरभुरवली! मुलांना हसू आवरेना. गाडी सुरू करून राउंडटानापर्यंत एक फेरी मारली आणि अण्णांनी टॉर्च व छोटा आरसा घेऊन वरून खाली पाहायला सुरुवात केली.

पांढऱ्या पावडरीत एकच काळी रेघ उमटली होती. ती टर्बोच्या डोक्यावरून निघत होती. तिथे ऑइल आणणारी बारीक नळी एका पोकळ बोल्टने बसवलेली असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर असतात. हे वॉशर दाबले जाऊन फट बुजवतात, म्हणून बोल्ट उघडला की नवेच घालायचे असतात. इथे कधीतरी जुनेच पुन्हा बसवले गेले होते. ऑइल परत खाली नेणारी जाड नळी अण्णांनी तपासली. ती कोरडी आणि मोकळी होती. ती तुंबली तर ऑइल टर्बोच्या आतच साचतं आणि चांगला टर्बोही गळू लागतो. इंजिनाची वाफ बाहेर सोडणारा पाइपही त्यांनी पाहून घेतला.

मनोऱ्यावरून माउंट रोडकडे

इंजिन गार होईपर्यंत वेळ होता. आम्ही टॉवर पार्कात गेलो. १९६८च्या मेळ्यासाठी बांधलेला १३५ फुटी विश्वेश्वरय्या मनोरा इथे उभा आहे. बरीच वर्षं बंद राहिल्यानंतर २०२३ साली तो पुन्हा लोकांसाठी खुला झाला. जिने नाहीत, गोल गोल चढत जाणारी उतरंड आहे. वरून अण्णा नगरची झाडी आणि रस्त्यांची आखणी दिसते.

मग ‘अण्णा नगर टॉवर’ स्थानकातून मेट्रो पकडून, सेंट्रलला गाडी बदलून माउंट रोडला गेलो. जवळच्या जी. पी. रोडवर गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत. नमुन्याचा वॉशर दाखवताच तस्सा जोड मिळाला. किंमत शंभर रुपयांच्या आत!

अण्णांनी पोकळ बोल्ट साफ केला, त्याच्या भोकात काजळी नाही याची खात्री केली आणि नवे वॉशर घातले. बोल्ट आवळताना हाताचा जोर लावला नाही. माप दाखवणारा पाना वापरला. डिझेल बंद ठेवून स्टार्टर थोडा फिरवला, म्हणजे कोरड्या टर्बोपर्यंत आधी ऑइल पोचतं. कमी झालेलं ऑइल भरलं. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवायला सांगितलं. सकाळी पुठ्ठा कोरा होता. मजुरी विचारल्यावर त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून ह्यांनी आपणहून वर थोडे पैसे ठेवले.

एवढं लक्षात ठेवा

गाडीखाली डाग दिसला तर आधी रंग आणि वास पाहा. काळपट असेल तर इंजिन ऑइल, हिरवं किंवा गुलाबी असेल तर बहुधा रेडिएटरचं पाणी. डिपस्टिक सपाट जागी, इंजिन गार असताना पाहावी. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल किंवा ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी पुढे नेऊ नका. लांबच्या वेगवान प्रवासानंतर टर्बोची गाडी लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावी. आणि कुणी ‘टर्बो बदला’ म्हणालं, तर गळती नेमकी कुठून सुरू होते ते दाखवायला सांगा. गाडी आपली आणि पैसेही आपले. विचारण्यात संकोच कसला?

चेन्नईला जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. मरीना, मैलापूर जरूर पाहा. पण एक संध्याकाळ अण्णा नगरसाठी राखून ठेवा. मनोऱ्यावर चढा, सेकंड अव्हेन्यूवर फिल्टर कॉफी घ्या. आणि तिथल्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये कुणी आरसा धरून इंजिनात डोकावताना दिसलं, तर दोन मिनिटं थांबून त्याचं काम जरूर पाहा.