बोटभर बूच

ज्या वस्तूचे नावही आपल्याला धड ठाऊक नसते, तीच एखाद्या दिवशी आपल्याला जमिनीवर आणते. मला तर तिने अक्षरशः जमिनीवर आणले, ट्रकखाली, उताणे!

धनत्रयोदशीचा आदला दिवस. दिघाशीत भाताची कापणी चालू होती. धाकट्या भावाचा ट्रक अंगणाबाहेर उभा होता. पहाटे वाड्याहून तांदूळ भरून त्याला कल्याणला जायचे होते. सणाच्या तोंडची खेप म्हणजे महिन्याच्या हप्त्याची सोय.

इंजिन निवल्यावर त्याने रेडिएटरचे तळाचे बूच काढून जुने पाणी सोडून दिले. "दादा, मी कूलंटचा डबा आणतो. तेवढे बूच हाताने लावून ठेव," म्हणाला आणि घरात गेला.

ट्रकचे काम त्याने माझ्यावर सोपवावे, हे पहिल्यांदाच घडत होते. वडील गेले तेव्हा मी नववीत होतो, तो सातवीत. दोघांपैकी एकालाच शाळेत ठेवणे आईला शक्य होते. तो क्लिनर म्हणून गाडीवर गेला आणि मी मॅट्रिक झालो. पुढे मी मास्तर झालो, कादंबऱ्या लिहू लागलो. माझी पहिली कादंबरी छापून आली तेव्हा त्यानेच गावभर पेढे वाटले. मी मात्र त्याच्या गाडीला कधी हात लावला नव्हता.

म्हणून की काय, हाताने लावलेल्या बुचावर माझा विश्वास बसेना. घट्ट म्हणजे भरवशाचे, ही आमची मास्तरकी! मी पक्कड घेतली, आणखी अर्धा फेर दिला. 'टक्' असा आवाज झाला. बुचाचे डोके पकडीत, धड भोकात!

भाऊ आला, वाकून त्याने पाहिले आणि रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. जुन्या पेचकसाचे टोक चुलीत तापवून त्याने ते मोडक्या प्लॅस्टिकमध्ये हलकेच रोवले. निवू दिले, मग अगदी सावकाश डावीकडे फिरवले. तुकडा बाहेर आला. टाकीचे आटे शाबूत होते.

"लाकडाची खुंटी मारून भागणार नाही का?" मी विचारले.

"गावात फिरायला भागेल. माल घेऊन नाही."

मग त्याने समजावून सांगितले. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरसारखे दाब धरून ठेवते. त्या दाबामुळे आतले पाणी १०० अंशांच्या पुढे गेले तरी उकळत नाही. वाटेत खुंटी सुटली तर पाणी जाईल, आणि पाण्याविना तापलेले इंजिन जागीच धरेल. मेबाखने १९०१ सालच्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला, हे मी पुस्तकात वाचले होते. त्या पोळ्याच्या तळाशी एक बूच असते, एवढे मात्र कोणत्याच पुस्तकाने मला सांगितले नव्हते.

भिवंडीला मोटारसायकलवर जाऊन तो नवे बूच घेऊन आला, तेव्हा रात्र झाली होती. मी टॉर्च धरून त्याच्याशेजारी ट्रकखाली आडवा झालो. अंधारात बोलणे सोपे जाते. म्हणालो, "तेव्हा शाळा तू सोडलीस. खरे म्हणजे मी थोरला. मीच..."

"दादा, टॉर्च नीट धर," तो म्हणाला.

जरा वेळाने त्याने ते बूच माझ्याच हातात ठेवले. "लाव. पाणी बूच अडवत नाही. ही रबराची कडी अडवते. बुचाने तिला फक्त जागेवर धरायचे. दोन बोटांनी, बस्स."

मी दोन बोटांनी लावले. पक्कड त्याने केव्हाच दूर ठेवली होती.

पहाटे ट्रक गेला आणि मला झोप लागेना. अंगणात ट्रक उभा होता तिथली माती मी दोनदा कंदील घेऊन पाहून आलो. कोरडी होती. अकराच्या सुमारास कल्याणहून त्याचा फोन आला. तांदूळ उतरला होता, भाडे हातात पडले होते.

"आणि बूच?" मी विचारले.

"एक थेंब नाही," तो म्हणाला. मग थोडे थांबून, "पुढच्या वेळीही तूच लाव."